भिंत परीक्षेला बसत नाही

"उद्या मी नाय यायची, बाई. उद्या शिमिट येतंय."

घासलेला टोप ओट्यावर पालथा घालता घालता अंबूबाई हे बोलली, आणि इंदुमतीने त्यावर नुसते "बरं" म्हटले. पलीकडच्या खोलीत चहाचा कप ओठांपर्यंत नेलेला भालचंद्र टिपणीस तसाच थांबला. भिसेगावातल्या त्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या मार्च महिन्यातल्या एका साध्या सकाळी, एका मोलकरणीने आपल्या रजेचे कारण सांगितले होते. जगाच्या दृष्टीने याहून अधिक काही घडले नव्हते. पण खालापूरच्या अलीकडे जो कालवा खणला जात होता त्याच्या प्रगती-नियंत्रण कक्षाचा प्रमुख टिपणीस होता, आणि सिमेंट केव्हा येणार हे कुलाबा जिल्ह्यात कुणाला आधी कळायचे असेल तर ते त्याला कळायला हवे होते. त्याच्या टेबलावर हिरव्या पट्ट्यांचा रुंद कागद होता. तो मुंबईच्या कॉम्प्युटरने छापून पाठवला होता आणि त्यावर सिमेंटची तारीख एकोणीस मार्च अशी होती. आज चार तारीख होती. "कुणी सांगितलं तुला, अंबूबाई?" त्याने आतूनच विचारले. आवाज सहज ठेवायचा त्याचा प्रयत्न इतका यशस्वी झाला, की इंदुमतीने चमकून त्याच्याकडे पाहिले. "भितीवर लिवलंय की," अंबूबाई म्हणाली. "पुतळीनं बघितलं. शिमिट आलं की जाऊबाई कामावर जाणार, मंग तिची पोरं माझ्या गळ्यात." कुठल्या भिंतीवर, असे विचारण्याचा मोह त्याने आवरला. जे मोलकरणीला ठाऊक आहे ते आपल्याला ठाऊक नाही, हे मोलकरणीसमोर उघड करणे त्याच्या शिस्तीत बसत नव्हते. इंदुमतीने मात्र त्याच्या शिस्तीची पर्वा न करता सांगितले, "कालव्याच्या भांडाराच्या भिंतीवर हो. धर्माजी लिहितो ना. मी रोज विचारते हिला, आज भिंतीवर काय आहे म्हणून. ही कधी येणार नाही ते मला तीन दिवस आधी कळतं." चहा निवला होता. दहा वर्षांच्या संसारात या बाईने, तुमच्या कागदावर आज काय आहे, असे आपल्याला एकदाही विचारलेले नाही, हा विचार त्या निवलेल्या चहाबरोबर त्याच्या घशाखाली उतरला आणि तिथेच बसला.

चौकच्या रस्त्याने जीप जात असताना तो स्वतःला समजावीत राहिला की हा योगायोग आहे. खोट्या भविष्यवेत्त्याचेही महिन्यातून एकदा खरे ठरते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सिमेंटचे तीन ट्रक वळणावरून धूळ उडवत आले, तेव्हा त्याला ट्रक दिसलेच नाहीत. त्याला दिसल्या त्या त्यांची वाट पाहत आधीच डोक्यावर चुंबळी बांधून उभ्या असलेल्या चाळीस बायका. त्या वेळेवर आल्या होत्या. त्याच्या आराखड्यात गेल्या दोन वर्षांत कुणी, काहीही, कधीही वेळेवर आले नव्हते. त्याने पवईला दोन वर्षे घालवून ज्या जाळ्याच्या आकृतीची दीक्षा घेतली होती, ती अमेरिकेतल्या कुणी पाणबुड्यांवरची अस्त्रे मुदतीत तयार व्हावीत म्हणून शोधली होती. हजारो कामे, प्रत्येकाला एक बाण, बाणाच्या टोकाला वर्तुळ, आणि त्या साऱ्यांतून धावणारी एकच सर्वांत लांब वाट, जिच्यावर एक दिवस हरवला की सारा प्रकल्प एक दिवस मागे पडतो. ही वाट टिपणिसाला एखाद्या स्तोत्रासारखी पाठ होती. ती ज्यांच्या पायांनी चालली जायची त्यांना मात्र ती माहीतच नव्हती, आणि ही गोष्ट आजवर त्याला उणीव वाटली नव्हती. माहिती खालून वर जाते आणि निर्णय वरून खाली येतो, असे त्याचे प्राध्यापक सांगत. वर गेलेली माहिती खाली कशाला यायची, हा प्रश्न त्या वर्गात कुणी विचारला नव्हता. ज्यांना तो सुचला असता त्यांना त्या वर्गात प्रवेशच नव्हता.

भिंत त्याने त्या दिवशी पाहिली. भांडाराची दक्षिणेची भिंत, बारा हात लांब, खाली चुन्याचा हात दिलेला, आणि त्यावर गेरूने आणि कोळशाने आखलेले रकाने. वर वार. डावीकडे टोळ्यांच्या मुकादमांची नावे: काळूराम, सोमा, नागू. सिमेंटला चौकोन, दगडाला गोल, सुरुंगाला फुली. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही हे वाचता येत होते, आणि ज्याला येत होते तो मोठ्याने वाचून दाखवीत होता. एवढे टिपणिसाने दोन मिनिटांत समजून घेतले आणि मनातल्या मनात त्याला 'प्राथमिक' असा शेरा दिला. पण गुरुवारच्या आणि शुक्रवारच्या रकान्यांत त्याला वर जाणाऱ्या तीन वाकड्या रेघा दिसल्या आणि तो अडला. शेजारी उभ्या असलेल्या बाईला त्याने विचारले, "हे काय?" ती अंबूबाईची जाऊ पुतळाबाई होती, पण हे त्याला तेव्हा माहीत नव्हते. ती पदराआड हसली. "राब, साहेब. राब भाजायचा. त्या दोन दिसांत दगुड येत नाय, मंग आमी शेतावर जातो." भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून तो जाळायचा, मग पावसाळ्यात त्या राखेत रोप धरते. या मुलखात हे काम कधी चुकत नाही, आणि ते कुणाच्या सोयीसाठी थांबत नाही. टिपणिसाच्या आकृतीत चारशे बारा बाण होते. त्यांत राबाचा बाण नव्हता. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये मजूर का गळतात, याचे कारण त्याने लागोपाठ दोन अहवालांत 'स्थानिक कामगारांची कार्यविषयक अनास्था' असे नोंदवले होते. ती अनास्था तीन वाकड्या रेघांत मावते, हे त्याला आज कळत होते, आणि कळल्याचा आनंद व्हायच्या ऐवजी त्याला त्या भिंतीचा हेवा वाटत होता. त्याचे त्याला आश्चर्य वाटले नाही. ही भावना त्याची जुनी ओळखीची होती.

अलिबागच्या शाळेत तो सातवीपर्यंत पहिला येत असे. त्याची गणिताची वही तपकिरी कागदाचे कव्हर घातलेली, समासाला तांबडी रेघ मारलेली, कुठे खाडाखोड नाही. परीक्षा जवळ आली की मुले एकमेकांच्या वह्या मागत. तो आपली वही बाकावर वरच ठेवी, मागितली तर काय म्हणून नाही म्हणायचे याची तीन वाक्ये मनाशी घोकून. वही कुणी मागितली नाही. मुले जात ती मागच्या बाकावरच्या अकराव्या नंबरच्या मुलाकडे. त्याची वही तेलकट, कोपरे दुमडलेले, पण प्रत्येक उदाहरणाशेजारी त्याने लिहून ठेवलेले असे: 'इथं सगळे चुकतात', 'हे सर विचारणारच'. टिपणिसाला पहिला नंबर मिळाला की त्या मुलाच्या घोळक्यातून हसणे ऐकू येई आणि त्याला वाटे, आपण शर्यत जिंकली खरी, पण गाव दुसरीकडेच जमले आहे. पुढे नोकरीत त्याने प्रपत्र क्रमांक सात तयार केले. एकवीस रकाने, प्रत्येक मुकादमाने दर शनिवारी भरायचे. तेव्हाही त्या प्रपत्राला आतून कुठेतरी तपकिरी कव्हर होते. ते कुणाला हवे आहे का, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. ते परिपत्रकाने सक्तीचे केले.

तो धर्माजीला भेटायला गेला तो, स्वतःच्या मते, अभ्यास म्हणून. धर्माजी सोनावळे भांडारात मदतनीस होता, चौकचा राहणारा, पंचेचाळिशीचा, सातवी पास, बारीक अंगाचा. समोरच्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबण्याची त्याला सवय होती, आणि टिपणिसाला ती उद्धट वाटे. धर्माजीने त्याला पिंपावर घोंगडी टाकून बसायला दिले. "ही पद्धत कुठून आणलीत?" टिपणिसाने विचारले. "आणली कुठून नाय, साहेब. आमचं विहार बांधलं चौकाला, छप्पन सालच्या दीक्षेनंतर. पैसा नव्हता. घराघरातनं दिवस द्यायचे ठरलं. कुनी दिवस दिला, कुनाचा राहिला, यावरनं भांडनं. मग मी विहाराच्याच भिंतीवर लिवायला लागलो, आज कोन, उद्या कोन, दगड कधी, चुना कधी. भांडनं बंद झाली. माझा बाप चावडीबाहेर उभा राहायचा, साहेब. पानी कधी सोडनार, एवढंच विचारायला. आत जायची सोय नाय. आतले सांगायचे, सांगू. सकाळची दुपार व्हायची. मला तवापासनं वाटायचं, मानसाला विचारायला लागू नये. जे हाय ते बाहेर लिवलेलं असावं. बस्स." हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, आणि म्हणूनच टिपणिसाला ते अधिक झोंबले. दुःखाचा वापर न करता दुःख सांगणारा माणूस समोरच्याला मोठेपणा दाखवायला जागाच ठेवीत नाही. विषय बदलावा म्हणून तो म्हणाला, "पण तुम्हाला सिमेंटची तारीख कळते कशी? ती तर मलाही..." वाक्य अर्धेच राहिले. "ट्रकवाले सांगतात. त्यांना दगडाचे दिवस हितं बघायला मिळतात, म्हनून थांबतात भितीपाशी. एकानं सांगितलं की दुसऱ्याला मिळतं. काळूराम सुरुंगाची वेळ सांगतो, त्याला बदल्यात बायका कधी नाहीत ते कळतं. फुकट कुनी कुनाला काय सांगत नाय, साहेब." मग मान खाजवीत, अपराध कबूल केल्यासारखा तो म्हणाला, "तुमचा सात नंबरचा कागद बी मीच भरतो. सगळ्यांचा. मुकादम बिचारे कंटाळतात. शनिवारी भितीवरनं उतरवून काढतो, अर्ध्या तासाचं काम."

त्या दुपारी कार्यालयात टिपणिसाने दोन वर्षांची प्रपत्रे काढली आणि एकामागून एक उलटत बसला. काळूरामच्या सहीखाली, सोमाच्या अंगठ्याखाली, नागूच्या नावाखाली, सर्वत्र तेच किंचित डावीकडे झुकलेले गोल अक्षर. एकवीस रकाने, दर आठवड्याला, बिनचूक. त्याच्या पद्धतीचे शंभर टक्के पालन होत होते. या आकड्यावर त्याने नाशिकच्या परिसंवादात निबंध वाचला होता आणि टाळ्या घेतल्या होत्या. त्याचे यश दुसऱ्याच्या हस्ताक्षरात होते. हा माणूस आपला प्रतिस्पर्धी असता तर बरे झाले असते. त्याने आपली प्रपत्रे हाणून पाडली असती तर त्याचा द्वेष करता आला असता, आणि द्वेषात एक प्रकारची समानता असते. पण याने ती पूर्ण केली होती, शनिवारी, अर्ध्या तासात, सवडीने, जशी एखादी गृहिणी शेजारच्या आंधळ्या म्हाताऱ्याची सुई ओवून देते. मत्सराला मोठ्या माणसाचे मोठेपण सोसते. त्याला सोसत नाही ते सहजपणे, हात पुसता पुसता मिळालेले मोठेपण. टिपणीस त्या कागदांवर हात ठेवून बसून राहिला.

एप्रिलच्या सुरुवातीला मुंबईच्या मुख्य कार्यालयाचे पत्र आले. टिपणिसांच्या माहिती-पद्धतीचे मूल्यमापन करावे. ती वापरणाऱ्यांचे मत आकड्यांत घ्यावे. मत अनुकूल निघाल्यास ती कोकणातल्या सर्व प्रकल्पांना लावण्यात येईल आणि तिच्या जनकास मुख्यालयात घेण्यात येईल. 'जनक' हा शब्द त्याने तीनदा वाचला. मग त्याने बारा प्रश्न तयार केले. माहिती वेळेवर मिळते का? समजते का? तिचा आपल्या कामाला उपयोग होतो का? प्रत्येकाला एक ते पाच गुण. आणि कागद दोन रकान्यांत विभागला: एकात 'प्रपत्र पद्धती', दुसऱ्यात 'स्थानिक अनौपचारिक पद्धती'. दुसऱ्या रकान्याची मागणी मुंबईने केली नव्हती. तो त्याने का घातला हे त्याला नीट माहीत होते. बायकोच्या प्रियकराचे नाव स्वतःच्याच तोंडाने काढून तिचा चेहरा पाहणारा नवरा जसा असतो, तसे त्याला त्या भिंतीचे गुण ऐकायचे होते. आठवडाभर तो आंब्याखाली खुर्ची टाकून बसला. मुकादम आले, गवंडी आले, आणि बायका आल्या, कारण त्यांच्याशिवाय भिंतीची मोजणी प्रामाणिक झाली नसती, आणि टिपणीस मत्सरी असला तरी अप्रामाणिक नव्हता. पुतळाबाई आली तेव्हा त्याने प्रश्न वाचला, "प्रपत्रांमधून मिळणारी माहिती तुमच्या कामाला उपयोगी पडते का?" "पडते की. पाच." "तुम्ही प्रपत्र पाहिलंय का कधी?" "नाय. पाच लिवा." "आणि भिंत?" ती जरा विचारात पडली. "किती कमीत कमी देता येतात?" "एक." "मंग येकच." मागे रांगेत कुणीतरी खिदळले, आणि काळूराम ओरडला, "गपा गं, साहेबांचा पेपर चाललाय!"

सेहेचाळीस जणांची सरासरी त्याने स्वतः काढली, दोनदा. प्रपत्र पद्धती: चार पूर्णांक नऊ. भिंत: एक पूर्णांक एक. एवढे निर्विवाद सुख त्याला लग्नाच्या दिवशीही झाले नव्हते. म्हणजे ते भिंतीपाशी उभे राहत होते ते केवळ सवयीने; मन त्यांचे इकडे होते. आकडे खोटे बोलत नाहीत असे मानणाऱ्या माणसाला आकडे बोलतच नाहीत हे उशिरा कळते. त्या संध्याकाळी त्याने अहवालाचा मसुदा लिहिला आणि अखेरीस सौम्य शब्दांत शिफारस केली, की भांडाराच्या भिंतीवरील दुहेरी नोंदींची पद्धत बंद करून भिंत पांढरी करावी. इंदुमतीला त्याने मुंबईबद्दल सांगितले. ती म्हणाली, "खरंच?" आणि तिच्या डोळ्यांत काही वेळ त्याला तो आदर दिसला, जो तिथे दिसण्याची त्याने आशा सोडली होती.

सकाळी अंबूबाई भांडी घेऊन बसली होती. "बाई, तुमी मुंबईला चालला म्हनं. लई चांगलं झालं. पुतळी सांगत होती, समद्यांनी मिळून साहेबांना पास केलं." इंदुमती हसली. "पास?" "व्हय की. साहेबांची परीक्षा व्हती ना. सरकारनं घेतलेली. काळूरामनं समद्यांना सांगून ठेवलेलं, पाचाच्या खाली कुनी यायचं नाय. सायब पास झाला की वर जातो. नापास झाला की हितंच ऱ्हातो." भांड्यांचा आवाज चालूच होता. टिपणीस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याने विचारले, आणि विचारतानाच त्याला कळले की उत्तर आपल्याला माहीत आहे, "आणि भिंतीला एक का दिला सगळ्यांनी?" अंबूबाईने राखेचे हात वर धरून त्याच्याकडे खरोखरीच्या नवलाने पाहिले. "भीत काय परीक्षेला बसलीय व्हय, साहेब? आनि बसवली तर नापासच करायला पायजे ना तिला! धर्माजीदादाला पास केला तर त्यालाच न्हेतील की उचलून. मंग आमी काय करायचं?" इंदुमतीच्या तोंडून हसू फुटले. तिने पदर तोंडाशी धरला, पण हसू फुटून गेले होते, आणि मग नवऱ्याचा चेहरा पाहून ती एकाएकी गप्प झाली, आणि ते गप्प होणे हसण्यापेक्षा वाईट होते.

त्याने त्या दिवशी रजा टाकली. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून तो खिडकीतून रस्त्यापलीकडचे कुंपण पाहत राहिला. अपमान झाला आहे हे त्याला समजत होते, पण अपमानाखाली आणखी काहीतरी होते आणि ते अधिक जिवंत होते. चाळीस बायका आणि सहा मुकादम-गवंडी एका माणसासाठी एकमुखाने खोटे बोलले होते. कुणी त्यांना परिपत्रक पाठवले नव्हते. त्यांनी धर्माजीला नापास केले होते, इतका तो त्यांना हवा होता. आपल्याला असे कुणी नापास करील का, आईने, बायकोने, कुणीही? आपण गेलो तर कुणाचे अडेल म्हणून आपल्याविरुद्ध कुणी असा कट करील का? त्याला सारे जण पाच पाच गुण देत आले होते, शाळेपासून, आणि प्रत्येक वेळी तो एक इयत्ता वर गेला होता, त्यांच्यापासून दूर. आता हाच मसुदा त्याने पाठवला तर तो मुंबईला जाईल, आणि इथे भिंत पांढरी झाली तरी आठ दिवसांत दुसरी भिंत उभी राहील, पाण्याच्या टाकीवर, नाही तर एखाद्या कातळावर. त्यांना हवे ते दोन्ही मिळेल. तो जाईल आणि धर्माजी राहील. हे त्याला सोसणार नव्हते. मुंबई सोडायला तो त्या क्षणी तयार झाला, पण त्यांना हवे ते मिळू द्यायला नाही. आणि मग, दुपारच्या त्या स्वच्छ उजेडात, त्याला दिसले की यावर एकच उपाय आहे, आणि तो निष्कलंक आहे: खरे लिहायचे.

त्याने मसुदा फाडला आणि अकरा पाने नवी लिहिली. गुण उलटे वाचावेत असे त्याने पहिल्याच पानावर सकारण सांगितले. त्याने लिहिले की कुठलीही माहिती-पद्धत टिकते ती ती भरणाऱ्याला संध्याकाळपर्यंत काहीतरी परत देते म्हणून. त्याच्या प्रपत्रांनी दोन वर्षे फक्त घेतले. धर्माजीच्या वडिलांचा चावडीबाहेरचा दाखला देऊन त्याने लिहिले की ज्याला माहिती हवी त्याला ती कुणाच्या दारात उभे न राहता मिळते, यात नुसती सोय नसून प्रतिष्ठा आहे, आणि प्रतिष्ठा कुठल्याही प्रश्नावलीत मोजली जात नाही. कालव्याच्या आराखड्याने राब वगळला आणि म्हणून आराखडा दोनदा कोसळला. भिंतीने तो मान्य केला आणि म्हणून बायका तिच्याशी खरे बोलल्या. प्रपत्रांचे शंभर टक्के पालन कुणाच्या हाताने झाले हेही त्याने लिहिले, आणि शेवटी शिफारस केली की श्री. धर्माजी सोनावळे यांच्यासारख्या माणसाचा उपयोग एका भांडारापुरता न ठेवता त्यांना मुख्यालयात घ्यावे. इतका प्रामाणिक अहवाल त्या खात्यात पूर्वी कुणी लिहिला नसेल, आणि इतक्या वाईट हेतूने तर नक्कीच नाही. प्रत्येक वाक्य त्याला पटत होते. माणसाने आयुष्यात एकदा तरी संपूर्ण सत्य सांगावे, आणि ते सांगताना आपले दात ओठांत रुतलेले असावेत, यात काय विसंगती आहे हे त्याला त्या दिवशी समजेना. अहवाल पाठवून आल्यावर त्याने इंदुमतीला सांगितले, "आपण जात नाही आहोत." तिने कारण विचारले नाही.

आदेश सहा आठवड्यांनी आला. धर्माजीला मुंबईत चौथ्या मजल्यावर एका खोलीत बसून 'दृश्य माहिती-फलकाचा नमुना' तयार करायचा होता. अंबूबाईने ते ऐकले तेव्हा ती भांडी घासायची थांबली, आणि मग पुन्हा घासू लागली, अधिक जोराने. जायच्या आदल्या दिवशी धर्माजी टिपणिसाच्या कार्यालयात आला. त्याच्या अंगात इस्त्रीचा सदरा होता आणि त्यात तो पाहुण्यासारखा दिसत होता. "बसा," टिपणीस म्हणाला. धर्माजी बसला नाही. "अहवाल वाचायला दिला मोठ्या साहेबांनी मला," तो म्हणाला. "सगळा वाचला. माझ्या बापाचं बी लिवलंत." "खरं तेच लिहिलं." "हां. त्याचंच नवल वाटलं." त्याने टेबलावरच्या हिरव्या पट्ट्यांच्या कागदाकडे पाहिले. "मार्कांचं मला पुतळीनं सांगितलं होतं, साहेब. तुमाला बी ठावं झालं हे बी कळलं. खोटं लिवलं असतंत तर मी भांडलो असतो. खऱ्याशी कसं भांडायचं?" टिपणिसाला वाटले की आता आपण काहीतरी बोलले पाहिजे, आणि ते चांगले असले पाहिजे. तो म्हणाला, "तिथं तुमची कदर होईल." धर्माजी बराच वेळ, त्याच्या सवयीप्रमाणे, हे बोलणे संपले आहे याची खात्री होईपर्यंत थांबला. "व्हईल," तो म्हणाला. "पन त्या खोलीबाहेर उद्या काय हाय हे कुनाला जानून घ्यायचं असंल?" आणि नमस्कार करून तो गेला.

कार्यकारी अभियंत्याने भिंतीला काळा तैलरंग दिला. रकाने पांढऱ्या रंगाने पक्के झाले, वर खात्याचे नाव आले, आणि फलक लिहिण्याची जबाबदारी प्रगती-नियंत्रण कक्षाकडे सोपवण्यात आली, म्हणजे टिपणिसाकडे. पहिल्या सोमवारी तो सात वाजताच हजर झाला. त्याने रविवारभर तयारी केली होती. खडूच्या दोन पेट्या आणल्या होत्या, तांबडा आणि पिवळा. माणसे जमली होती, नेहमीसारखी, नेहमीइतकी. काळूराम होता, सोमा होता, पुतळाबाई चुंबळ हातात घेऊन पुढेच उभी होती. ती सारी त्याच्याकडे पाहत होती. आयुष्यभर ज्या दृश्याचा त्याने हेवा केला ते दृश्य आता त्याच्यासमोर होते, आणि त्यात मध्यभागी तो होता. त्याने हातातल्या हिरव्या पट्ट्यांच्या कागदावरून चौकोन काढले, गोल काढले, काळूरामच्या नावापुढे फुली काढली. राबाचे दिवस सरले होते, तरी त्याने कोपऱ्यात त्या तीन रेघांचा अर्थ नीट लिहून ठेवला. हात आखीव होता. कुठे खाडाखोड झाली नाही. मग तो वळला आणि वाट पाहू लागला, की आता कुणीतरी म्हणेल, साहेब, सुरुंग आज नाही, परवा आहे. साहेब, ट्रकवाला म्हणत होता. तो कुणालातरी विचारणार होता, पण काय विचारायचे आणि बदल्यात काय द्यायचे, हे त्याला आठवेना. त्याच्यापाशी या माणसांना न मिळालेले असे काही नव्हतेच. ती माणसे फलक वाचीत होती. जे ती वाचीत होती ते मागच्या महिन्याचे होते, हे त्यांना पहिल्या रकान्यातच कळले असणार. काळूरामने पुतळाबाईकडे पाहिले. पुतळाबाईने खाली पाहिले. एवढ्या चांगल्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून काय बोलावे, याचा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला आणि शेवटी तिला ते सापडले.

"अक्षर लई झ्याक हाय, साहेब," ती म्हणाली.

"झ्याक हाय," मागचे दोघे-तिघे म्हणाले. मग तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, आणि आज दगड कुठे पडला आहे हे वळणावरच्या ट्रकवाल्याला विचारायला, एकामागून एक, सारी निघून गेली.